बाळंतपणाला आलेली

माझी पोर दप्तर घेऊन बालवाडीत जायला लागली, तरी मी माहेरी बाळंतपणालाच आलेली होते. निदान आप्पांच्या गिऱ्हाइकांना तरी तसंच सांगितलं जाई. उचगावात आप्पांचं पेंडीचं दुकान आहे. सरकी पेंड, भुसा, मक्याचा भरडा. दुकानाच्या मागं घर, आणि मधलं दार कायम उघडं, त्यामुळं म्हशीचा खुराक न्यायला आलेला माणूस जाता जाता आमच्या घरात डोकावतोच.

"थोरली दिसतीया की. कवा आलीया?"

"बाळंतपणाला आलीया," आप्पा काट्यावरची नजर न काढता सांगत.

विचारणारा माझ्या पोरीकडं बघे. ती दारात रिक्षाची वाट बघत उभी असे, गळ्यात पाण्याची बाटली, पायात बूट, तोंडात इंग्रजी कविता. "बरं, बरं," म्हणून तो पोतं गाडीवर टाकी. आमच्याकडं माणसं तोंडावर काय वाटेल ते बोलतात, पण बापानं सरळ चेहऱ्यानं मारलेली थाप मोडायचं पाप मात्र कुणी करत नाही.

तशी ती थाप सुरुवातीला खरीच होती. मला मलकापूरला दिलेलं. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, म्हणून सातव्या महिन्यात ओटी भरून, गाडी करून, फळांच्या टोपलीसकट मला इथं आणलं. पुढची रीत अशी की लेकरू चार-पाच महिन्यांचं झालं की सासरच्यांनी घ्यायला यायचं. ते आले नाहीत. त्यांचं म्हणणं, लेक तुमची, तुम्ही आणून घाला. आप्पांचं म्हणणं, सून तुमची, तुम्ही घेऊन जावा. दोन्ही घरं मानाला अशी चिकटून बसली की कुणीच जागचं हललं नाही, आणि त्या दोन मानांच्या मधल्या फटीत मी आणि माझी पोर निवांत राहिलो. लोक म्हणतात मानपानानं बायकांचं वाटोळं केलं. माझं तर त्यानं कल्याणच केलं.

कारण मला परत जायचंच नव्हतं. नवऱ्याचा हात चालायचा. हे मी आईला सांगितलं होतं, असंच, याच शब्दांत. आईनं आप्पांना सांगताना त्याचं "जावयाचा सोभाव जरा तापट हाय" असं केलं. आप्पांनी भाऊबंदांना सांगताना त्याचंही "तिकडं शेतीच्या कामाची गडबड हाय" असं केलं. माझ्या गालावर उमटलेलं उचगावच्या चौकापर्यंत जाता जाता भाताची लावण होऊन गेलं.

जसंच्या तसं ऐकणारी एकच होती, माझी धाकटी बहीण. ती मला अक्का म्हणते. आप्पांचं आजोळ निपाणीकडचं, त्यामुळं आमच्या घरातली निम्मी नाती कानडीतून आलेली आहेत. ती तेव्हा कॉलेजात होती, आणि घरातली एकुलती एक खोली, जिच्या दाराला कडी आहे, ती तिची होती. मी आले तेव्हा तिनं मोठ्या मनानं अर्धा पलंग मला दिला. काही महिन्यांसाठी माणूस कुणालाही अर्धा पलंग देतं. पुढं त्या अर्ध्यातला अर्धा माझ्या पोरीनं घेतला आणि उरलेल्या अर्ध्यावर वाळलेली दुपटी आली.

आम्ही भांडायचो. चार्जरवरून, अंघोळीच्या नंबरावरून, पोरीनं तिच्या वहीवर काढलेल्या रेघोट्यांवरून. "तुझी पोर हाय, तू बघ," ती म्हणे. "मग तुझं ताट हाय, तू धू," मी म्हणे. आई स्वयंपाकघरातून दोघींना एकाच शिवीत गुंडाळून गप करी. तासाभरानं धाकटीच पोरीला कडेवर घेऊन गच्चीत गेलेली असे आणि मी तिचं ताट धुतलेलं असे.

मंगाचं वेड तिला कॉलेजात लागलं. मंगा म्हणजे जपानी चित्रकथा. हा शब्द पहिल्यांदा कानावर पडला तेव्हा आप्पा म्हणाले, "कानडीत मंग म्हंजे माकड. शिकाय घातली तर पोरगी माकडं काढाय लागली." पण ती ऐकणारी नव्हती. पोर अंगावर पीत असायची तेव्हा माझा एक हात रिकामा असे, त्या हातात ती स्वतःचा मोबाईल देई. ही कथा उजवीकडून डावीकडं वाचायची, हे शिकायला मला दोन दिवस लागले, आणि सवय झाल्यावर पेपरही मी शेवटच्या पानापासून वाचायला लागले.

तिला एका जातीच्या गोष्टी फार आवडत. एक तरुण आई, नवरा नाही, पदरात लेकरू, आणि तिचं एखादं भावंड. ही बया शहरातल्या एवढ्याशा खोलीत एकटी राहते, सकाळी लेकरू पाळणाघरात सोडते, कामावर जाते, संध्याकाळी जिन्यात बसून मुकाट्यानं रडते. मग एके दिवशी भाऊ नाहीतर बहीण पिशवीभर भाजी घेऊन दारात. दोघं फारसं बोलत नाहीत. भात शिजतो. वाफेची चांगली पानभर चित्रं असतात.

"हिच्या दारात कोण इचाराय येत न्हाय?" मी विचारलं. "कवा आलीस, कवा जाणार?"

"जपान हाय ते, अक्का."

मला त्या बाईचा हेवा वाटायचा. तिथं एकटी आई खरोखर एकटी असते. आमच्याकडं एकटं राहायला जागाच कुठं आहे? मी जिन्यात बसून रडले असते तर पेंड न्यायला आलेल्या चार माणसांनी विचारपूस केली असती आणि पाचव्यानं पाणी मागितलं असतं.

मग एक दिवस तिनं स्वतःच तसली मंगा काढायला घेतली. माझ्यावर. मला विचारलं वगैरे काही नाही. जुना टॅब मांडीवर, पोर पाठीवर चढलेली, आणि ही रेघा ओढतेय. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी ओळखलंच नाही. बशीएवढे डोळे, मुठीत मावेल अशी कंबर.

"ही कोण?"

"तू."

"आणि माझं नाक?"

"मंगात नाक एवढंच असतंय."

कंबरेबद्दल मी काही बोलले नाही. बाळंतपणानंतर माझी कंबर तिला कुठं दिसली कोण जाणे, पण दिसली असेल तर आपण कशाला अडवा?

तिनं त्यात एकही शब्द घातला नव्हता. शब्द घातले तर आई वाचेल, ही धास्ती. चित्रांकडं आई बघणार नाही याची तिला खात्री होती. तिला अडचण एकच होती, माझ्या आयुष्यात निघून येण्याचा प्रसंगच नव्हता. मी गाडीतून, फळांच्या टोपलीबरोबर, सासूच्या पाया पडून आले होते. "ह्यात ड्रामा न्हाय अक्का," ती म्हणाली, आणि तिनं मला लेकरू काखोटीला मारून घाटातून एसटीनं यायला लावलं. पहिल्या पानावर सासरचं दार, दारात नवरा, त्याचा वर गेलेला हात. मग बॅग, डोंगर, एसटी. मग आमचं दार, दारात धाकटी, डोळ्यांत पाणी. पुढं आमची भांडणं, पानंच्या पानं. शेवटच्या पानावर एका पलंगावर तिघी आडव्यातिडव्या झोपलेल्या आणि माझ्या पोरीचा पाय तिच्या मावशीच्या तोंडावर.

मधे एक पान असं होतं की मी आणि पोर दोघी रडतोय आणि धाकटी भिंतीकडं तोंड करून कानांवर उशी दाबून पडलीय. ते रात्री रात्री खरोखर घडलेलं. त्याबद्दल आम्ही कधी बोललो नव्हतो आणि त्या पानाबद्दलही बोललो नाही.

हाताच्या पानावर मात्र मी थांबले. "हे काढायलाच पायजे हुतं?"

"मग तू निघतीस कशापायी? कारण नको?"

मला त्या पानाचा राग आला आणि बरंही वाटलं. इतक्या दिवसांत त्या हाताला कुणीतरी हातच म्हटलं होतं. मी तिला तेवढंच सांगितलं, की नवरा एवढा देखणा काढायची गरज नव्हती.

छापायला तिनं कोल्हापुरातला एक प्रेस गाठला, लग्नपत्रिका आणि कॅलेंडरं छापणारा. पुस्तक उजवीकडून उघडेल असं बांधायचं म्हटल्यावर मालक हबकला. "उर्दू हाय का हे?"

"जपानी."

"असू दे जपानी. माणूस उघडणार डावीकडनंच की."

पण तिनं हट्ट धरला आणि त्यानं बांधून दिलं. फक्त पुस्तकाचं मागचं पान, जे त्याच्या लेखी पुढचं होतं, ते कोरं बघून त्याच्या जिवाला लागलं. त्यानं आपल्या मनानं तिथं बेलाचं पान, दोन बाजूंना कमळं आणि मधे ठसठशीत "॥ श्री प्रसन्न ॥" छापलं. "मोकळं सोडू न्हये म्हणून टाकलं," तो म्हणाला, "त्याचं काय लावलं न्हाय तुम्हास्नी." धाकटी रडकुंडीला आली. मी पोट धरून हसले. काही प्रती तिनं पुण्यात कसल्याशा मेळाव्यात खपवल्या, बाकीचा खोका आमच्या पलंगाखाली गेला.

आणि मग धाकटीला स्थळ आलं. इचलकरंजीकडचं. मुलगा शिरोलीच्या कारखान्यात मशीनच्या भागांची ड्रॉइंग करणारा. त्याच्या माहितीत, आवडीनिवडीच्या खाली, "जपानी चित्रकथा" असं लिहिलेलं होतं. आलेल्या सगळ्या स्थळांत असलं लिहिणारा हा पहिलाच. धाकटीनं फोटो बघितला, खाली ठेवला, आणि पुन्हा उचलला. ते मी बघितलं.

मध्यस्थ मात्र निरोप घेऊन आला. "पावणं चांगलं हायत. एवढंच म्हणत्यात, थोरलीचं मिटवा. लेक घरात बसलेली असली की लोक बोलत्यात."

"मिटलंय की," आप्पा म्हणाले. "जाणार हाय ती. दिवाळीपातूर जाणार."

मी आत भाकऱ्या थापत होते. मी जाणार आहे हे मला तिथं, परातीपुढं बसून कळलं. त्याच संध्याकाळी आईनं मलकापूरला फोन लावला, तब्येत-पाणी विचारलं. दुसऱ्या दिवशी माझी बॅग माळ्यावरून खाली आली आणि कपाटाशेजारी उभी राहिली. इतकी वर्षं ज्या मानापायी मला कुणी पाठवलं नाही, तो मान आप्पांनी आता धाकटीच्या लग्नासाठी गिळायचा ठरवला होता. हे लग्न ठरलं की मी आणि माझी पोर त्या दारात परत. सरळ हिशोब होता आणि घरात सगळ्यांना समजत होता.

"तू जाणार?" धाकटीनं विचारलं.

"तुझं व्हायचं तर कुणीतरी जायलाच पायजे."

"मग मी करत न्हाय."

"गप बस. पोरगा बघ आधी."

मी हे मनापासून म्हटलं. भीती वाटत होती, तरीही मनापासून म्हटलं. ज्या पोरीचा अर्धा पलंग आपण खाल्ला, तिचं लग्न तरी खाऊ नये असं वाटत होतं.

पाहुणे रविवारी आले. मुलगा, त्याची आई आणि त्याचा मामा. त्यांच्याकडं मामाच्या शब्दाबाहेर पान हलत नाही, हे मामा खुर्चीत बसला त्या बसण्यावरूनच कळलं. माझ्या पोरीला शेजारी पाठवून दिलं होतं, पण अशा वेळी शेजारी नेमके गावाला गेलेले असतात. पोहे फिरत असताना ती आली आणि मधोमध उभी राहून तिनं आकडे म्हणून दाखवले.

"थोरल्या लेकीची," आई घाईनं म्हणाली. "बाळंतपणाला आलीया ती."

मुलाच्या आईनं पोरीला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "केवढ्याची म्हणायची?"

"अंगानं भरलीया," आई म्हणाली.

मामानं चहा मागितला. मग "मुलीला काय कलाबिला?" असं विचारल्यावर आई उठली, आणि आम्ही काही करायच्या आत तिनं टीपॉयवर क्रोशाच्या रुमालावर धाकटीचं पुस्तक आणून ठेवलं. "श्री प्रसन्न"ची बाजू वर करून. तिनं तेवढंच बघितलं होतं आणि तिला ते पुरेसं होतं. धाकटीनं माझ्याकडं बघितलं.

मामानं चष्मा चढवला, नमस्कार केला, आणि डावीकडून पान उघडलं. बाकीचे त्याच्या खांद्यावरून वाकले. तो मोठ्यानं सांगायला लागला.

"ह्या दोघी भणी. लेकरू हाय. झोपल्यात एकातएक. हितं भांडाय लागल्या बघा. भणी म्हटल्यावर भांडणारच की! हे काय? उशी घेऊन बसलीया. दमली आसंल. आता थोरली बॅग घेऊन दारात. धाकटी रडतीया. बरोबर हाय, भण निघाली म्हटल्यावर रडाय येतंयच. एसटी. घाट. डोंगर बेस्ट काढलाय. आणि हे बघा, आलं सासर." त्यानं शेवटचं, म्हणजे पहिलं, पान सगळ्यांसमोर धरलं. "जावई दारात हुबा. हात वर करून बोलवाय लागलाय. लेक आपल्या घरला गेली, संपलं."

मामानं पुस्तक मिटलं. "आप्पासाहेब, पोरीला वळण चांगलं हाय."

आप्पांची छाती फुगली. आईनं डोळ्यांना पदर लावला. मुलाची आई म्हणाली, "आमच्यात असंच लागतंय." मी स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे धरून उभी होते. तो हात माझ्या चांगला ओळखीचा होता. त्याला इतकं प्रेमळ झालेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

तेवढ्यात मुलानं पुस्तक उचललं, सहज पालथं केलं आणि उजवीकडून उघडलं. तो पहिल्याच पानावर थांबला, बराच वेळ. मग सावकाश एकेक पान. उशीच्या पानावर पुन्हा थांबला. शेवटचं पान झाल्यावर त्यानं मान वर केली आणि बघितलं ते धाकटीकडं नाही, माझ्याकडं. मग पुस्तक टीपॉयवर ठेवलं. "श्री प्रसन्न"ची बाजू वर, जसं होतं तसं.

दोघांना बोलायला गच्चीवर पाठवलं. आमच्यात अशा वेळी कुणीतरी सोबतीला जातं, म्हणून पोरीला घेऊन मी गेले आणि पाण्याच्या टाकीशी उभी राहिले, ऐकू येईल इतक्या लांब.

"मी बरोबर वाचलं," तो म्हणाला.

"दिसलं मला." माझ्या बहिणीचा आवाज इतका मऊ मी कधी ऐकला नव्हता.

"ते उशीचं पान भारी आहे. खरंच." तो खरोखर चांगलं बोलत होता. रेघा कशा काढल्या, कुठला ब्रश वापरला, सगळं विचारलं. ती हात हलवून सांगत होती. माझी बॅग गेली खड्ड्यात, असं मला त्या क्षणी वाटलं. हिचं होऊ दे. मग तो म्हणाला, "फक्त खाली काही बोलू नका. मामांना तसंच वाटू दे. लग्न झालं की मी समजावतो सगळ्यांना."

"आणि अक्का?"

"त्या तोवर जातीलच ना? म्हणजे तात्पुरत्या. नंतर बघू काहीतरी."

हे त्यानं अगदी काळजीनं म्हटलं. वाईट मुलगा नव्हता तो, हेच वाईट होतं. धाकटी मग "बरं" म्हणाली आणि जिना उतरायला लागली. मला वाटलं, ठरलं.

खाली येऊन मी रिकामे कप ट्रेमध्ये गोळा करायला लागले. धाकटी मात्र मुलीच्या जागेवर बसली नाही. मामाच्या खुर्चीशेजारी सतरंजीवर बसली, पुस्तक घेतलं आणि पालथं केलं. "मामा, हे जपानी पद्धतीचं हाय. मला मगाशी सांगायला पायजे हुतं. हिकडनं वाचायचं."

"हिकडनं?" मामा खूश झाला. पाहायला आलो त्या पोरीनंच आपल्याला काहीतरी शिकवावं याची त्याला गंमत वाटली. त्यानं पुन्हा चष्मा सारखा केला. "म्हंजे आधी हे दार. जावई हुबा. हात..."

तो थांबला. त्यानं पान उलटलं, बॅग, घाट, एसटी, आणि पुन्हा मागं येऊन पहिलं पान बघितलं. या वेळी कुणी कुणाला बोलावत नव्हतं.

मुलाच्या आईनं त्या हातावर बोट ठेवलं. मग तिनं माझ्याकडं बघितलं, आणि का कोण जाणे, उठून माझ्या हातातला ट्रे घेतला आणि स्वतः खाली ठेवला. "चला," ती मामाला म्हणाली, "उशीर व्हाय लागलाय." मुलगा चपला घालताना खालीच बघत होता.

"कळवतो," मामा म्हणाला.

ते गेल्यावर आई धाकटीवर तुटून पडली. "जरा गप बसली असतीस तर काय झिजत हुतं?" आप्पा दुकान उघडायला गेले, रविवार असून.

पाहुण्यांनी दोन दिवसांनी कळवलं की पत्रिका जमत नाही. आम्ही पत्रिका दिलीच नव्हती. मुलाचा मात्र धाकटीला मेसेज आला, भलामोठा. त्याला वाईट वाटलं, तिची तयारी असेल तर तो मामांना मनवेल. तिनं तो मला दाखवला आणि माझ्यासमोरच नाही म्हणून टाकलं.

मी चिडले. खरंच चिडले. "डोकं फिरलंय का तुझं? एकतर तुझं माकडं काढणं कळणारा एवढा एकच निघाला. मामाला न्हाय कळलं त्याच्यावर राग न्हाय, आणि ह्याला कळलं तर ह्याच्यावर?"

"मामाला शिकवलं तर त्यानं वाचलं की," ती म्हणाली. "ह्याला आधीच येत हुतं. आणि त्यानं ते परत पालथं घातलं."

"माझ्यापायी मोडलं तुझं."

"तुझ्यापायी काय न्हाय. सरक तिकडं, माझ्या अर्ध्यात आलीयास." असं म्हणून ती भिंतीकडं तोंड करून पडली, आणि ती रडतेय हे मला कळलं. मी उशी कानावर घेतली नाही. तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तिनं झटकला, मी परत ठेवला.

बॅग मात्र कपाटाशेजारी उभीच होती. हे नाही तर दुसरं स्थळ येणार, त्याचाही कुणी मामा असणार. आई बॅगेला वळसा घालून केर काढत होती.

त्या आठवड्यात एका दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी मधल्या दारातून बघितलं, तर आप्पा भुशाच्या पोत्यावर बसून धाकटीचं पुस्तक चाळत होते. "श्री प्रसन्न" कडून. माझी पोर त्यांच्या गुडघ्याला टेकून उभी होती.

"आबा, हिकडनं न्हाय," ती म्हणाली. तिला अजून धड अक्षरं येत नव्हती, पण पुस्तक कुठून उघडायचं ते मावशीनं शिकवलं होतं. तिनं ते त्यांच्या हातातून घेतलं, उलटं केलं आणि परत दिलं. "हां, आता बघा. ही आई."

आप्पांनी चष्मा पुसला. पहिल्या पानावर ते इतका वेळ थांबले की पोर कंटाळून निघून गेली. "तापट सोभाव" त्यांनी ऐकला होता. बघितला नव्हता. मग त्यांनी बोट ओलं करून पुढचं पान उलटलं, आणि त्याच्या पुढचं. शेवटी झोपलेल्या तिघी आल्या तेव्हा त्यांनी पुस्तक मिटलं आणि काट्याखालच्या खणात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्यांची गर्दी होती. सांगवड्याकडचं एक जुनं गिऱ्हाईक बऱ्याच दिवसांनी आलेलं. त्यानं पोतं मोजायला लावून घरात डोकावलं.

"थोरली हितंच हाय की अजून. दुसऱ्यांदा आली व्हय बाळंतपणाला?"

आप्पांनी काट्यावरची नजर काढली. हे ते कधी करत नसत.

"न्हाय," ते म्हणाले, चौकात ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "राह्यला आलीया."

"बरं, बरं," गिऱ्हाईक सवयीनं म्हणालं आणि पोतं उचलायला वाकलं.

मी गॅसपुढं उभी होते. तव्यावरची भाकरी करपली. मला रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही. आईनं तवा खाली ओढला, माझ्याकडं बघितलं, मग कपाटाकडं.

"रडतीस काय हुबी राहून," ती म्हणाली. "ती बॅग आधी माळ्यावर टाक. पायात येतीया."